समज देऊन सोडले : मुंबईत कायद्याची सक्ती आणि पोलिसांचे तारतम्य

मुंबईतल्या पोलीस ठाण्यांच्या डायरीत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते : ‘उभयतांना समज देऊन सोडण्यात आले.’ पाण्याच्या नळावरची बाचाबाची, चाळीतल्या जिन्यातला वाद, पार्किंगवरून झालेली शिवीगाळ, असल्या असंख्य प्रकरणांचा शेवट या ओळीत होतो. गंमत म्हणजे दोषी ठरलेल्या माणसाला समज देऊन सोडण्याचा अधिकार १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ ने दिला आहे, आणि तो न्यायालयाला दिला आहे. चौकीतल्या हवालदाराला तो कुणी लेखी दिलेला नाही. तरीही तो वापरला नाही तर शहर एक दिवस चालणार नाही, हे हवालदाराला आणि न्यायाधीशालाही ठाऊक असते.

कायदा सक्तीने लावायचा की तारतम्याने, या प्रश्नाचे मूळ कायद्याच्या दोन क्रियापदांत आहे. एक ‘करील’, दुसरे ‘करू शकेल’. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५४ खाली दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की ती लिहून घेणे बंधनकारक होते. कलम ४१ खाली मात्र वॉरंटशिवाय अटक ‘करता येईल’ एवढेच म्हटले होते. प्रत्यक्षात अनेक वर्षे नेमके उलटे चालले. जिथे ‘करील’ होते तिथे टाळाटाळ झाली आणि जिथे ‘करू शकेल’ होते तिथे सरसकट अटक झाली. पुढचा सगळा इतिहास ही उलथापालथ सरळ करण्याचा आहे.

मुंबईची गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा थोडी निराळी आहे. १८६१ चा पोलीस कायदा देशभर गाजला, पण मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांसाठी १८५६ चा स्वतंत्र कायदा आधीच होता. १८६४ मध्ये फ्रँक सौटर पहिले पोलीस आयुक्त झाले. १९०२ मध्ये शहरापुरता पोलीस कायदा आला आणि १९५१ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. आयुक्तालय पद्धतीत नियम करणारा, मनाई हुकूम काढणारा आणि तो मोडला म्हणून पकडणारा, ही तिन्ही कामे एकाच खात्यात येतात. जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम महसूल खात्यातला दंडाधिकारी काढतो. मुंबईत १९५१ च्या कायद्याच्या कलम ३७ खाली तो पोलीसच काढतात. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, सहायक पोलीस आयुक्तापुढे चालते. तडीपारीचा हुकूम उपायुक्ताच्या सहीने निघतो. त्यामुळे इथे तारतम्य एकट्या शिपायाकडे नसते. ते शिडीच्या प्रत्येक पायरीवर असते.

१९५१ च्या कायद्यातली काही कलमे मुद्दाम सैल विणलेली आहेत. कलम ११० सार्वजनिक जागी असभ्य वर्तनाला लागते, ११२ शांतताभंगाच्या हेतूने केलेल्या शिवीगाळीला. १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद रीतीने आढळणाऱ्याला, आणि १२४ चोरीची वाटणारी वस्तू जवळ असून समाधानकारक खुलासा न देणाऱ्याला. ‘असभ्य’ काय आणि ‘समाधानकारक’ काय, हे घटनास्थळी ठरवणारा एकच माणूस असतो. रात्री दोन वाजता भंगाराची गोणी घेऊन चाललेल्या पोराचा खुलासा आणि गाडीतून उतरलेल्या माणसाचा खुलासा सारख्याच कानांनी ऐकला जातो, असे म्हणवत नाही. तारतम्य लेखी नसले की त्याचा भार गरिबावर पडतो, ही या विषयातली सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी तक्रार आहे.

अशा सैल कलमाचा ताण मुंबईने ऑगस्ट २०१५ मध्ये उघड पाहिला. मढ बेट आणि अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले गेले आणि कलम ११० खाली प्रत्येकी १,२०० रुपये दंड झाला. हे कलम रस्त्यावरच्या, लोकांच्या नजरेला पडणाऱ्या वर्तनासाठी आहे. बंद दाराच्या खोलीत प्रौढ माणसे असणे हा त्यातला गुन्हा नाही. टीका झाल्यावर आयुक्तांनी चौकशी लावली. इथे सक्ती जास्त झाली की तारतम्य जास्त झाले, असा प्रश्न विचारला तर उत्तर असे : कलम निवडण्याचे तारतम्य चुकले आणि त्या चुकीला सक्तीचा पोशाख चढवला गेला.

आता नोंदणीकडे, कारण सामान्य माणसाची पोलिसांशी गाठ बहुधा तिथेच पडते. ‘एनसी घेतली’ हे मुंबईकराच्या तोंडचे वाक्य. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही, म्हणून ती बहुतेकदा पावतीपुरतीच उरते. मारहाणीत एनसी की एफआयआर, हे एका बारीक रेषेवर ठरते. हाताने मारून साधी दुखापत झाली तर जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२३, आताच्या भारतीय न्याय संहितेचे ११५(२), अदखलपात्र. तीच दुखापत धारदार किंवा घातक हत्याराने झाली तर ३२४, आताचे ११८(१), दखलपात्र. हाड मोडले, दात पडला तर हत्यार नसले तरी दखलपात्र. म्हणून ठाण्यातून मेडिकल मेमो देऊन जखमीला सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात पाठवतात, आणि डॉक्टरचा शेरा येईपर्यंत कलम अधांतरी राहते. घोटाळा होतो तो इथेच. जबाबात ‘बांबूने मारले’ असे सांगितलेले कागदावर ‘हाताने’ झाले की सगळे प्रकरण एका शब्दात खाली घसरते. तक्रारदाराने सही करण्याआधी जबाब शब्दन्‌शब्द वाचून घ्यावा, तो याचसाठी.

गुन्हा दाबण्याला पोलिसी बोलीत ‘बर्किंग’ म्हणतात. मोबाइल चोरीला गेला असताना ‘गहाळ’ अशी नोंद करणे हा त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना. कारण साधे आहे. गुन्ह्यांचा आकडा वाढला की ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाला जाब द्यावा लागतो, आणि न उलगडलेला गुन्हा कायम डोक्यावर राहतो. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने यावर निःसंदिग्ध निर्णय दिला : माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर बंधनकारक. प्राथमिक चौकशीला वाव ठेवला तो कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार आणि तक्रारीला तीन महिन्यांहून अधिक उशीर, अशा थोड्या प्रकारांपुरता. शिवाय आलेली प्रत्येक माहिती आणि चौकशी करण्याचा निर्णय स्टेशन डायरीत उतरवलाच पाहिजे, असेही सांगितले. माझ्या मते निकालाचा गाभा हाच आहे. तारतम्य काढून घेतले नाही, ते कागदावर आणायला लावले.

अटकेच्या बाजूला हीच वाट जास्त लांब होती. १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात न्यायालयाने म्हटले की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटक समर्थनीय असणे वेगळे. डी. के. बसू निकालाने पंचनाम्यासारखा अटकेचाही कागद सक्तीचा केला : अटकपत्र, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २००८ च्या दुरुस्तीने कलम ४१ अ आले, म्हणजे अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस. ती दुरुस्ती १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाली. तरी सवय सुटली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. जमावाचा दबाव दारात होता आणि कलम हाताशी होते. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

२ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने चाप लावला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत तपासी अधिकाऱ्याने अटकेची कारणे तक्त्यात भरायची, अटक करायची नसेल तर तो निर्णय दोन आठवड्यांत दंडाधिकाऱ्याला कळवायचा, आणि हे न पाळल्यास खात्याची कारवाई व न्यायालयाचा अवमान. आज बिघाड होतो तो तक्ता छापील मजकुराने भरण्यात. ‘पुरावा नष्ट करण्याची शक्यता’ असा एकच ठोकळा प्रत्येक आरोपीसाठी वापरला की जामिनाच्या सुनावणीत तो टिकत नाही आणि खरी गरज असलेली अटकही संशयात येते.

रस्त्यावर उलटा प्रवास झाला. पावती पुस्तकाच्या काळात चौकातला अंमलदार पाहायचा, ऐकायचा, सोडायचा किंवा पावती फाडायचा. २००७ मध्ये मुंबईत मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा या तारतम्यातला मोठा भाग यंत्राकडे गेला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य म्हणजे गुन्हा, आणि मोटार वाहन कायद्याचे हे कलम १८५ जागेवर तडजोड शुल्क घेऊन मिटवता येत नाही, ते न्यायालयातच जाते. अंमलदाराकडे एकच निवड उरली, कुणाला फुंकायला लावायचे. पुढे कॅमेरे आणि ई-चलान आले. डिसेंबर २०२१ पासून राज्यात वाढीव दंड लागू झाले. जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटसाठी दंड होऊ लागला.

कॅमेऱ्याला दया नाही, तशी लाचही नाही, आणि ही दुसरी बाजू लहान नव्हे. पण कॅमेरा रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी सिग्नलच्या रेषेपुढे सरकलेली गाडीही टिपतो. विकलेल्या पण नावावर न बदललेल्या दुचाकीचे चलान जुन्या मालकाला जाते, बनावट नंबरप्लेटचे खऱ्या मालकाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७ अ सांगतो की नोटीस १५ दिवसांत पाठवावी आणि चित्रण प्रकरण निकाली निघेपर्यंत जपावे. हरकत घेताना आधी तेच मागावे.

सक्तीचा अतिरेक किती लवकर मोडतो, हे कोविडने दाखवले. जून २०२० च्या अखेरीस घरापासून दोन किलोमीटरपलीकडे न जाण्याची अट आली. हजारो वाहने जप्त झाली, आणि काही दिवसांत ‘दोन किलोमीटर’ जाऊन ‘जवळचा परिसर’ आला. एप्रिल २०२१ मध्ये अत्यावश्यक सेवेच्या गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायचे ठरले. आठवड्याच्या आत ते मागे घेतले. दंड संहितेच्या कलम १८८ खालचे, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याचे, गुन्हेही ठिसूळ होते, कारण संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालयाला त्यांची दखल घेता येत नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने असे खटले मागे घ्यायचे ठरवले.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि लंबक पुन्हा थोडा हलला. कलम १७३(३) नुसार तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, म्हणजे मुंबईत सहायक आयुक्ताच्या, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी आता अदखलपात्र आहे. लोकलच्या गर्दीत गेलेल्या जुन्या मोबाइलची किंमत ४,८०० लिहायची की ६,०००, यावर तपास होणार की नाही हे ठरते. ठाण्यात जाताना खरेदीची पावती सोबत असावी. एफआयआर नाकारला तर कलम १७३(४) खाली त्या परिमंडळाच्या उपायुक्ताला लेखी टपालाने कळवावे आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. चौकशी लावली असेल तर परवानगी कोणत्या तारखेची आहे ते विचारावे, कारण चौदा दिवसांचा हिशेब त्या कागदावरूनच पडताळता येतो.