धुऱ्यावरची बाभूळ आणि जबड्याचं हाड

वरचा दात काढला की डोळा जातो, या भीतीने आमच्याकडे माणसं सुजलेला गाल घेऊन महिनाभर बसतात. मग बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘किडा’ पाडून येतात. तो किडा दातातला नसतोच. दात किडतो तो जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने. आणि दात काढल्याने नजर जात नाही. जातं ते हाड.

धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ मुळासकट उपटली की पावसाळ्यात तिथली माती खचते. जबड्यात दातही असाच उभा असतो. मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरची फट आणि तिच्यात कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या असंख्य दोऱ्या: एक टोक मुळात, दुसरं हाडात रुतलेलं. फुटाणा चावला की या दोऱ्या ताणल्या जातात आणि हाडाला ओढ बसते. दोऱ्या रुततात त्या थराला बंडल हाड म्हणतात. तो दातासाठीच घडतो. दात गेला की ओढ संपते, फटीतून येणारं रक्तही तुटतं. मग ऑस्टिओक्लास्ट नावाच्या बहुकेंद्रकी पेशी हाडाला चिकटतात, आम्ल सोडून त्यातली खनिजं विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजन कॅथेप्सिन-के या विकराने (एन्झाइमने) कापतात. (इथे बाभळीला सोडा. माती पाणी नेतं. हे हाड शरीर स्वतःच खातं.)

पुढच्या दातांची ओठाकडची भिंत बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ, म्हणजे जवळपास नुसतं बंडल हाडच. ती आधी जाते. दाढेच्या जागचा हाडाचा वरंबा वर्षभरात रुंदीला साधारण निम्मा होतो, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतली.

ही झीज रोखायला दाताच्या रिकाम्या खड्ड्यात गुरांच्या हाडापासून केलेले किंवा कृत्रिम दाणे भरून वर कोलॅजनचा पडदा लावतात. झीज कमी होते, थांबत नाही. ‘लगेच इम्प्लांट, हाड सुरक्षित’ असले फलक वाचून फसू नका. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू; तो हाडाला थेट जुळतो, त्याला दोऱ्या नसतात. मग बंडल हाड कोणासाठी थांबेल?

मूळ मजबूत असेल तर ते काढूच नये, असं माझं मत. रूट कॅनाल करून दात हिरडीलगत कापायचा, वर कवळी बसवायची. दोऱ्या राहतात, हाड राहतं.

काढलाच, तर खड्ड्यात साकळलेलं रक्त २४ तास हलू द्यायचं नाही. जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, म्हणजे खर्राही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) नाही. हे ऐकून आमच्याकडचा माणूस डॉक्टरकडे असा पाहतो, जसा काही दुसरा दातही मागितला.