मायक्रोफायनान्स कर्ज आणि गावातल्या अडचणी

ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही अशांना, बहुतेक करून बायकांना, गट करून दिलेलं छोटं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. गोष्ट सहसा बांगलादेशातल्या जोब्रा गावापासून सुरू करतात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ ला तिथे प्रयोग केला, १९८३ ला ग्रामीण बँक झाली, २००६ ला शांततेचं नोबेल मिळालं.

खरी गोची गटातच आहे. तारण नाही म्हणून सगळ्याजणी एकमेकींना जामीन, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा नाहीतर सगळ्यांचं पुढचं कर्ज अडकतं, त्यामुळे वसुलीचं निम्मं काम शेजारीणच करते, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाला गटाच्या मीटिंगला येऊन बसलं तरी पुरतं. वसुली जवळपास शंभर टक्के असं कौतुकाने सांगतात, पण तो पैसा धंद्यातून आला की घरातली शेळी विकून, हे त्या आकड्यात दिसत नाही.

शिवाय हप्ता बऱ्याचदा आठवड्याचा आणि शेतीचा पैसा येणार सुगीला. मधले हप्ते भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, ते पुरलं नाही की सावकार, म्हणजे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. (सावकाराला हटवायला आलेली योजना त्यालाच गिऱ्हाईक पुरवते!)

व्याजाचंही तसंच. फ्लॅट १५ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण मुद्दल दर हप्त्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर, त्यामुळे खरा दर जवळपास दुप्पट पडतो.

हे सगळं एकदम फुटलं ते २०१० मध्ये आंध्र प्रदेशात. एकाच गावात कंपन्यांची रांग, एकेका घरावर तीन-चार कर्जं, वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या, मग ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वसुलीला लगाम घालणारा अध्यादेश काढला आणि राज्यातली परतफेड जवळजवळ बंदच पडली. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात त्याच्या थोडं आधी कर्जदारांनीच ‘नो पागो’, म्हणजे भरणार नाही, असं आंदोलन केलं होतं.

गरिबी हटते का? भारत, मोरोक्को, इथिओपिया धरून सहा देशांतले अभ्यास २०१५ ला एकत्र छापले गेले, त्यात थोडाफार फायदा दिसला पण उत्पन्नात मोठा फरक नाही.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून नियम केला की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जायला नकोत. पण सावकाराकडचं नाहीतर दुकानातलं उधार कुठल्याच क्रेडिट रिपोर्टमध्ये (कुणावर किती कर्ज आहे त्याची नोंद) येत नाही, म्हणजे ह्या हिशोबातून ते सुटतंच.