दीवमधला शरद ऋतू आणि तिथला वारसा

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, खाडीने मुख्य जमिनीपासून तोडलेल्या एका चिंचोळ्या बेटावरचं छोटं गाव. 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे, मग 1987 पर्यंत गोव्यासोबत एकाच केंद्रशासित प्रदेशात, आणि 2020 पासून दादरा नगर हवेली व दमणसोबत. इथला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, साधारण सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, आणि दीवचा इतिहास कळायला हे दोन महिने बाकी वर्षापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत, कारण या दिवसांत समुद्र उघडतो.

हवा आधी बघू. पावसाळाभर नैऋत्येचा वारा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळत असतो, सप्टेंबर सरता सरता तो पडतो, परतीचा पाऊस आला तर एखाद दोन सरी, आणि मग ऑक्टोबर हीट. बेट असल्यामुळे आतल्या सौराष्ट्राएवढं तापत नाही पण दमट हवा अंगाला चिकटते, दुपारी किल्ल्यातला दगड हात लावू देत नाही. दिवाळीच्या आसपास वारा फिरतो, ईशान्येकडून येऊ लागतो, आभाळ स्वच्छ होतं आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे गार वारा सुटतो, कोकणात ज्याला मतलई म्हणतात तोच.

आता हा वारा आणि किल्ला यांचं नातं. 1535 मध्ये हुमायूनच्या स्वारीने घेरलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायला जागा दिली, आणि पुढच्या अकरा वर्षांत या किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. 1538 मध्ये ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याचा सरदार सुलेमान पाशा याचं आरमार नैऋत्य वाऱ्याच्या शेवटच्या जोरावर एडनहून निघून सप्टेंबरच्या सुरुवातीला दीवला पोचलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढा उठवून परत गेलं. दुसरा वेढा 1546 चा, तो एप्रिलमध्ये सुरू झाला आणि पुढे अख्खा पावसाळा मध्ये आला, गोव्याहून मदत यायची तर खवळलेल्या समुद्रातूनच, थोडीफार माणसं जीव धोक्यात घालून पोचली पण मोठं आरमार काही हलू शकत नव्हतं. आतले लोक भिंती पडतील तशा पुन्हा रचत तग धरून राहिले. गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला तो नोव्हेंबरमध्ये, समुद्र शांत झाल्यावर, आणि मग काही दिवसांतच वेढा मोडला. त्याचा मुलगा फर्नांव आधीच सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. ढासळलेला किल्ला परत बांधायला कास्त्रोने गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले! दोन्ही वेढे नोव्हेंबरमध्ये संपले हे लक्षात ठेवून तटावर उभं राहिलं की समोरचा शांत समुद्र वेगळाच दिसतो.

व्यापारही याच वाऱ्यावर. दीवचे वाणी व्यापारी गुजरातचं कापड मोझांबिकला पाठवायचे, जहाजं ईशान्येच्या वाऱ्यावर निघायची, नैऋत्येच्या वाऱ्यावर हस्तिदंत घेऊन परतायची. म्हणजे शरद हा माल बांधायचा, जहाज दुरुस्त करायचा सीझन. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबाराला आजही लाकडी बोटी बांधतात आणि पावसाळी बंदी उठल्यानंतरचे हे महिने तिथे सगळ्यात गजबजलेले असतात, जाळी, बर्फ, डिझेल, वाळत घातलेली मासळी, वास नाकात बसतो पण दीव बघायचं तर हे बघायलाच हवं.

बांधकाम स्थानिक चुनखडीच्या दगडाचं. हा दगड मऊ आणि सच्छिद्र, कापायला सोपा, पण खाऱ्या वाऱ्याने झिजतो, आणि पावसाळा संपला की तटावर ती झीज स्पष्ट दिसते, दगडाला अक्षरशः भोकं पडलेली असतात आणि मधल्या चुन्याच्या रेघा तेवढ्या वर राहिलेल्या. नायडा गुहाही असा दगड काढून काढून झाल्या असं सांगतात. बेटावर गोडं पाणी कमी म्हणून किल्ल्यात पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत, त्या शरदात भरलेल्या असणं हे वेढ्याच्या काळात तोफांइतकंच मोलाचं असणार.

सेंट पॉल चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आतलं लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं. सेंट थॉमसमध्ये म्युझियम आहे. फुदम गावाजवळ गंगेश्वर, खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आणि भरतीची लाट थेट त्यांच्यावर येते, त्रिपुरी पौर्णिमेला भरती मोठी असते तेव्हा लिंगं पाण्याखाली जातात आणि पाणी ओसरलं की परत वर, कुणी अभिषेक करायची गरजच नाही. नागोआकडे होका नावाचे फांद्या फुटलेले ताड दिसतात. ते पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणले असं गाइड सांगतात, पण हा ताड पश्चिम भारतातलाच आहे.

इथली भाषा, सण सगळं गुजराती, त्यामुळे नवरात्रात गरबा आणि दिवाळीनंतर बेसतुं वर्ष, म्हणजे गुजराती नववर्ष. गुजरातमध्ये दारूबंदी आणि दीवमध्ये ती नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बेट माणसांनी फुलून जातं, हॉटेलांचे दर चढतात, तेव्हा वारसा बघायचा असेल तर दिवाळीच्या आधी किंवा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जावं आणि किल्ला सकाळीच करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रात चक्रीवादळांचाही काळ, 2019 च्या नोव्हेंबरात महा वादळ दीवच्या दिशेने येत होतं पण किनाऱ्याला लागायच्या आधीच समुद्रात विरलं. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज नक्की बघावा.