लोअर केलेल्या पिकअपचा ड्राइव्हशाफ्ट

पिकअप खाली बसवली, म्हणजे लोअर केली, की गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलकडे फिरणं नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे कोन बदलतात आणि मग थरथर, घरघर, सुटताना हिसका असले प्रकार सुरू होतात, त्यावरच्या दुरुस्तीची ही नोंद. आपल्याकडे या शाफ्टला प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकांना वाकून फिरणाऱ्या सांध्याला, म्हणजे यू-जॉइंटला, नुसतं 'क्रॉस' म्हणतात. हा शौक मूळचा अमेरिकेतला, शेवरोले सी-१० किंवा १९८८ ते ९८ च्या सी-१५०० सारख्या गाड्यांवर जास्त दिसतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल सहसा कायदेशीर बसत नाहीत, ते आधीच लक्षात घ्या.

सी-१५०० मध्ये अॅक्सल मुळात पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली असतो. फ्लिप किट लावलं की तो पाट्यांच्या वर जातो आणि मागची बाजू एकदम ५-६ इंच खाली येते, म्हणून तर चेसिसला खालून अॅक्सलसाठी खाच (सी-नॉच) कापावी लागते. पण खरी भानगड उंचीची नाही, कोनाची आहे. क्रॉस वाकड्यात फिरतो तेव्हा पुढचं टोक एका वेगाने फिरत असलं तरी मागचं टोक एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं, १० अंशाच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का येतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असला तर तो हा फरक परत खाऊन टाकतो, नसला तर सगळं गाडीच्या अंगात येतं.

उदाहरण घेऊ, क्रॉसचा कोन म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांतला फरक. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट त्याच दिशेने १ अंश, पिनियन (डिफरन्शियलमधला शाफ्टला जोडलेला दातेरी दांडा) त्याच दिशेने ३ अंश : पुढे २, मागे २, काम झालं. पण नव्या ब्रॅकेटमुळे पिनियन ६ अंशावर गेला तर मागे ५ होतात, तिथे ३ अंशांची पाचर पाट्यावर घालून पिनियन परत ३ वर आणायचा. दोन्ही कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको आणि प्रत्येक कोन ३ अंशांच्या आत असलेला बरा. आता गंमत बघा, शाफ्ट गिअरबॉक्सच्या अगदी रेषेत आला, कोन शून्य, तर तेही वाईट, कारण क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया (बारीक रोलर) फिरतच नाहीत आणि एकाच जागी आदळून क्रॉसला खळगे पाडतात. त्यामुळे निदान अर्धा-एक अंश हवाच. 'पिनियन सरळ गिअरबॉक्सकडे रोखा' हा सल्ला पुढे डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस जोडून केलेला सांधा) असलेल्या शाफ्टसाठी आहे, साध्यासाठी नाही, आणि नेमका तोच सगळीकडे वाटला जातो.

लोक आधी शाफ्ट लेथवाल्याकडे बॅलन्सिंगला नेतात, माझ्या मते पैसे फुकट. आधी गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही, डिजिटल अँगल मीटर लावून तिन्ही कोन मोजा. थरथर इंजिनाची आहे का हे बघायचं तर रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगात क्षणभर न्यूट्रल करा, आरपीएम पडूनही थरथर तशीच राहिली तर दोष शाफ्टकडचा किंवा चाकांचा.

लांब केबिनच्या गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे सेंटर बेअरिंग. सुटताना थडथडतं ते बहुतेक त्याचंच, बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पत्र्या घालून किंवा ते वर सरकवून पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या रेषेजवळ आणतात. शाफ्ट खोलताना खडूने खुणा करून ठेवा, स्प्लाइनवर (शाफ्टच्या सरकत्या जोडावरच्या दात्यांवर) एक दात चुकला की दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत राहत नाहीत, मग कितीही पाचरा घाला.

लांबीचंही बघावं लागतं. अॅक्सल वर आला की शाफ्ट आडवा होतो आणि स्लिप योक (शाफ्टचं पुढचं सरकतं टोक) गिअरबॉक्सच्या आत शिरतो. अॅक्सल पूर्ण वर दाबलेला असतानाही २० ते २५ मिलिमीटर जागा शिल्लक हवी, नाहीतर खड्ड्यात योक आत ठोकला जाऊन मागची बुश आणि ऑइल सील जाते, अशा वेळी शाफ्ट कापून छोटा करणं आणि मग, हो, आता, बॅलन्स करणं.