रस्त्यावरील टोळ्या : मुलामुलींच्या प्रवेशकारणांतील फरक

ज्या युवा गटाचा वावर मुख्यतः रस्त्यावर, चौकात वा उद्यानात असतो, जो बराच काळ टिकून राहतो आणि बेकायदा कृत्ये ज्याच्या ओळखीचाच भाग असतात, त्यास गुन्हेशास्त्रात रस्त्यावरील टोळी म्हणतात. मुंबईतील खंडणी-तस्करीच्या ‘गँग’ या व्याख्येत बसत नाहीत. या विषयाचा अभ्यास मुख्यत्वे अमेरिकेतील शहरांत झाला आहे.

टोळ्यांत मुली किती, हाच मूळ वाद. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्ये शिकागोतील १,३१३ टोळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत मुलींच्या टोळ्या पाच-सहाच आहेत. मुलींवरील घरची देखरेख व रूढी ही कारणे त्यांनी दिली. पोलिसी नोंदींतही हे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आतच दिसते. उलट १९९५ मध्ये अमेरिकेतील ११ ठिकाणच्या आठवीतील ५,९३५ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा स्वतःला टोळीतले म्हणवणाऱ्यांत ३८ टक्के मुली निघाल्या. मुली लवकर शिरतात आणि लवकर बाहेर पडतात. पोलिसांच्या वहीत मात्र वयाने मोठे पुरुष अधिक. त्यामुळे शालेय पाहणीचा आकडा किशोरवयापुरता अधिक विश्वसनीय वाटतो.

मैत्री, संरक्षण, पैसा, दरारा ही कारणे दोघांतही आढळतात. आधीच टोळीत असलेले भाऊ, चुलत-मावस भावंडे हा दोघांचाही वाटाड्या. फरक दिसतो तो घरात. पूर्व लॉस एंजेलिसमधील दोन वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या जोन मूर यांना टोळीतील मुलींची घरे मुलांच्या घरांहून अधिक विस्कटलेली आढळली. घरातच लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीही त्यांत होत्या. कोलंबस व सेंट लुईस येथील मुलींच्या मुलाखती घेणाऱ्या जोडी मिलर यांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. स्त्रीमुक्तीमुळे मुली गुन्ह्याकडे वळल्या, हे १९७५ च्या सुमारास गुन्हेशास्त्रज्ञ फ्रेडा ॲडलर यांनी मांडलेले मत मेडा चेस्नी-लिंड प्रभृती अभ्यासकांनी खोडून काढले असून हे खंडनच अधिक ग्राह्य मानले जाते.

घरचा मार चुकवायला आलेल्या मुलीला प्रवेशासाठी पुन्हा मारच खावा लागतो. अनेक टोळ्यांत नवागतास, मुलगा असो वा मुलगी, ठरावीक वेळ सगळ्यांचे ठोसे-लाथा झेलाव्या लागतात. काही ठिकाणी मुलींना शरीरसंबंधांच्या बदल्यात घेतात. अशांना टोळीतल्या इतर मुलीच हिणवतात, असे मिलर नोंदवतात.