नियम १८३३चा, गुण दिसला शतकानंतर

अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं कर्टलंड गाव. १८३३च्या हिवाळ्यात तिथल्या न्यूएल व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या पुढाऱ्यांचा वर्ग भरत असे. जमलेली मंडळी आधी पाइप पेटवत, मग तंबाखूचा बार भरत आणि पिचकाऱ्या थेट जमिनीवर मारत. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ शिकवायला येत ते धुराने भरलेल्या खोलीत, आणि ती जमीन घासून काढायची वेळ त्यांच्या पत्नी एमा यांच्यावर येई. ही हकिकत स्मिथ यांच्यानंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या ब्रिगम यंग यांनी १८६८मध्ये सांगितली. ते स्वतः तेव्हा तिथे हजर नव्हते, त्यामुळे तपशील जरा बेतानेच घ्यावेत. पण २७ फेब्रुवारी १८३३ या दिवशी स्मिथ यांनी ‘वर्ड ऑफ विस्डम’ हा आहाराचा उपदेश लिहून घेतला, हे नक्की.

दारू नको. तंबाखू पोटात नको, जखमांवर आणि आजारी गुरांना चालेल. ‘गरम पेयं’ नकोत. मांस थोडं, तेही थंडीत किंवा दुष्काळात. धान्य, फळं भरपूर. आणि सुरुवातीलाच खुलासा की ही आज्ञा नाही, सक्ती नाही. अमेरिकेत तेव्हा दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि खुद्द कर्टलंडमध्येही दारूबंदी मंडळ होतं, तेव्हा हे विचार हवेतच होते.

पुढाऱ्यांनीही तो उपदेश म्हणूनच घेतला. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्याआधी काही वेळ त्यांनी आणि सोबत्यांनी वाइन मागवून घेतली होती, मन खचलं होतं म्हणून. तो धार्मिक विधी नव्हता, असं तिथे हजर असलेल्या जॉन टेलर यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पंथाची मंडळी पुढे युटात जाऊन वसली. तिकडे पश्चिमेला निघण्याआधी, १८४५मध्ये, पाच माणसांच्या कुटुंबासाठी सामानाची यादी छापली गेली, तिच्यात चहा आणि कॉफी दोन्ही होती. वास्तविक ‘गरम पेयं’ म्हणजे चहा-कॉफीच, असं जोसेफ यांचे भाऊ हायरम यांनी १८४२मध्येच सांगितलं होतं. १८५१मध्ये युटामधल्या अधिवेशनात चहा, कॉफी, तंबाखू, व्हिस्की सोडण्याचा ठराव झाला, पण पाळणं ढिलंच राहिलं. पुढे दक्षिण युटात द्राक्षमळे लावून वाइन काढली जाऊ लागली आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणून चर्चला वाइनच मिळू लागली!

यंग यांना स्वतःला तंबाखूची सवय होती आणि ती सुटता सुटत नव्हती. त्यांना ढोंगी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. निकोटीन मेंदूतल्या ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूंना, जाऊन चिकटतं, त्यांची संख्या रोजच्या सेवनाने वाढत जाते. मग तंबाखू मिळाली नाही की चिडचिड होते, जीव कासावीस होतो, कशात लक्ष लागत नाही. निकोटीन १८२८मध्ये वेगळं काढलं गेलं होतं, पण त्याचं हे कोडं उलगडायला पुढचं शतक उजाडावं लागलं. तोवर लोक यालाच मनाचा दुबळेपणा म्हणत.

नियम खऱ्या अर्थाने कडक झाला तो विसाव्या शतकात. १९०६मध्ये वरिष्ठ पुढाऱ्यांनी आपल्या प्रसादविधीत वाइनऐवजी पाणी घ्यायला सुरुवात केली. हेबर ग्रँट पंथाचे अध्यक्ष असताना, १९२१मध्ये, मंदिरप्रवेशाच्या परवान्यासाठी दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडणं सक्तीचं झालं. मांसाचं कलम मात्र कोणी सक्तीचं केलं नाही, जरी पंथाचे ज्येष्ठ पुढारी लॉरेन्झो स्नो यांनी १८९८मध्ये तेच कलम सर्रास मोडलं जातंय अशी खंत बोलून दाखवली होती.

ही १९२१ची वेळ फार महत्त्वाची आहे. १८३३मधली तंबाखू म्हणजे पाइप आणि चघळणं. यंत्रावर वळलेली स्वस्त सिगारेट १८८०नंतर आली आणि पहिल्या महायुद्धाने ती घरोघर पोचवली. तिचा धूर खोल छातीत ओढला जातो आणि त्यातली बेन्झोपायरीनसारखी रसायनं फुप्फुसातल्या पेशींच्या डीएनएला चिकटून बिघाड करतात. कर्करोग दिसायला मात्र वीस-तीस वर्षं जातात. सिगारेटचा त्याच्याशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला तो १९५०मध्ये, डॉल आणि हिल या संशोधकांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात. म्हणजे विज्ञानाचा इशारा येण्याच्या तब्बल एकोणतीस वर्षं आधी मॉर्मन समाजाने सिगारेट दाराबाहेर ठेवली होती.

संशोधक जोसेफ लायन आणि सहकाऱ्यांनी युटामधल्या १९६६ ते १९७० या काळातल्या कर्करुग्णांची नोंद तपासली आणि १९७६मध्ये निष्कर्ष छापले. धूम्रपानाशी जोडलेले कर्करोग मॉर्मनांमध्ये इतर रहिवाशांपेक्षा पुष्कळच कमी निघाले. सगळंच श्रेय आहाराच्या नियमाला देता येणार नाही. लग्नाचं वय, मुलांची संख्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार यांचाही हात असू शकतो. इतर काही कर्करोग कमी होते, तिथे तर हे घटक नीट तोलायलाच हवेत. फुप्फुसाच्या बाबतीत हिशेब सरळ आहे. १९६६मध्ये जो मॉर्मन साठीचा होता, तो १९२१मध्ये पंधरा वर्षांचा होता, म्हणजे पहिली सिगारेट हातात येते नेमक्या त्या वयाचा.