पिक्सेल आर्टमधलं चालणं आणि पळणं

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून काढलेल्या चित्रांत, ॲनिमेशन शिकताना बहुतेक जण आधी चालण्याचा लूप (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या फ्रेम) करतात आणि त्याचाच वेग वाढवून पळणं उरकतात. असेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फ्रेम मुळात १०० मिलिसेकंदांची असते. ती ५०वर आणली की पात्र पळायला लागेल, असा समज. पडद्यावर मात्र दिसतो तो एस.टी. सुटेल म्हणून झपाझप चालणारा माणूस.

चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो, आणि पाऊल टेकतं त्या क्षणी दोन्ही. पळताना दोन्ही पाय एकदम कधीच टेकत नाहीत. दर पावलाला शरीर क्षणभर हवेत असतं. चालण्याच्या शर्यतीत पंच नेमकं यावरच डोळा ठेवून असतात. घोड्याचे सगळे पाय एकदम हवेत असतात का, हा प्रश्न १८७८ साली छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजनं फोटो काढून सोडवला. भरधाव घोड्याचे चारही खूर हवेत असतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तोवर ते पुढे-मागे ताणलेले काढत आले होते.

खरी गंमत उंचीत आहे. ३२ बाय ३२ पिक्सेलच्या स्प्राइटमध्ये, म्हणजे पात्राच्या छोट्या चित्रात, डोकं जेमतेम एक पिक्सेल वर-खाली होतं, पण कधी होतं त्यावर सगळं ठरतं. चालताना एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, त्या पासिंग पोझला टेकलेला पाय जवळपास सरळ असतो, म्हणून डोकं वर जातं. पाऊल टेकल्यावर ते खाली येतं. पळताना त्याच पासिंगच्या वेळी टेकलेला गुडघा दबलेला असतो, म्हणून डोकं सगळ्यात खाली, आणि हवेत असताना सगळ्यात वर. म्हणजे चालण्याच्या फ्रेम पळण्याला वापरल्या, तर तो एक पिक्सेल बरोबर उलट्या जागी पडतो. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड नक्षीचा ग्राफ भरताना एक चौकोन चुकला की पाकळी मोडते, तसंच हे.

पटत नसेल तर सकाळी सोलापूरच्या कंबर तलावाकाठी मित्राला एकदा चालायला आणि एकदा पळायला लावा, बाजूनं स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि फक्त त्याच्या डोक्याकडे बघा.

चालण्यासाठी मी आधी दोन कॉन्टॅक्ट पोझ, म्हणजे पाऊल टेकतं त्या क्षणाच्या, काढतो, डाव्या आणि उजव्या पायाची, मग मधल्या दोन पासिंग. एवढ्या चार फ्रेममध्येही पात्र चालतं. पळण्यासाठी सुरुवात हवेतल्या पोझपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. ती जमली की दबलेली पोझ आपोआप सुचते. अंग पुढे झुकवणं, कोपर दुमडणं हे नंतरचं.

टेकलेला पाय दर फ्रेमला जितके पिक्सेल मागे सरकतो, तितकंच पात्र गेममध्ये पुढे गेलं पाहिजे, नाहीतर ते फरशीवर घसरल्यासारखं दिसतं. हवेतल्या फ्रेमला हे बंधन नाही.

आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेतला, बाराबंदी हा पांढरा पोशाख घालून नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठी, पेलणारा मानकरी करायचा असेल, तर कितीही लगबग दाखवायची असली तरी त्याला हवेतली फ्रेम देऊ नका. पाऊल आखूड करा, फ्रेम १००वरून ८०वर आणा आणि एक पाय जमिनीवरच ठेवा.